अंगठ्याजवळचे दोन ओरखडे

मी एक जुनं पिस्तूल आहे आणि माझ्या गळ्यात सध्या पुठ्ठ्याचं एक लेबल लटकतं आहे. त्यावर गुन्ह्याचा क्रमांक आहे, तारीख आहे आणि खाली 'जप्त' असं लिहिलेलं आहे. जुनं म्हणजे तसं सहाच वर्षांचं. पण पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, मोहाच्या दारूच्या सीलबंद बाटल्या आणि चोरीच्या पाणबुडी पंपांच्या शेजारी पडून राहिलं की वस्तू लवकर म्हातारी होते.

मित्रांनो, तुम्ही आजवर छत्रीची, फाटक्या पुस्तकाची, वडाच्या झाडाची कहाणी वाचली असेल. ती सगळी गुणी मंडळी. त्यांनी जन्मभर कुणाचं तरी भलं केलं आणि शेवटी त्यांची आबाळ झाली. माझं तसं नाही. माझी आबाळ कधी झालीच नाही. उलट कौतुकच फार झालं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाच दिवशी माझ्यासारखी चाळीस भावंडं जन्मली. आम्ही सगळी बुटकी. नळी आखूड, मूठ आखूड, वर नेम धरायची खूण तर तांदळाच्या दाण्याएवढी. आमची किंमत कमी, म्हणून नागपूरच्या दुकानदारानं आम्हाला काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं होतं. येणारं गिऱ्हाईक वरच्या फळीकडे बघायचं, भाव विचारायचं आणि मग खाली वाकायचं. ते वाकणं माझ्या मनाला फार लागायचं.

देवरावभाऊसुद्धा असेच वाकले. ब्रह्मपुरीच्या पुढे, गावाबाहेर रस्त्याला लागून त्यांची धानाची राइस मिल होती. दोनदा तिथे चोरी झाली. दुसऱ्या वेळी चोरांनी चौकीदाराला दोरीनं बांधून मारलं. तेव्हापासून देवरावभाऊंच्या मनात भीती बसली. तीन वर्षं हेलपाटे घालून त्यांनी परवाना मिळवला आणि मला घरी आणायच्या आधी चंद्रपूरजवळच्या एका निशाणेबाजीच्या मैदानावर नेलं. माझ्या आयुष्यातली पहिली गोळी तिथे सुटली. तो दिवस मी नीट सांगणार आहे, कारण पुढे जे घडलं त्याचं बी त्या दिवशी पडलं होतं.

त्यांच्यासोबत लालसू आला होता. लालसू एटापल्लीकडचा, माडिया गोंड. मिलमधल्या हलरवर, म्हणजे धान भरडायच्या यंत्रावर, तेव्हा दहा वर्षं उभा राहिलेला मिस्त्री. तो देवरावांना भाऊ म्हणायचा आणि ते त्याच्याशिवाय कुठे परगावी जात नसत. मैदानाच्या आत परवानावाल्यालाच प्रवेश, म्हणून लालसू फाटकाबाहेर कडुनिंबाखाली डबा घेऊन बसला.

शिकवणारे एक निवृत्त हवालदार होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मूळचे राजुऱ्याचे. त्यांनी आधी अर्धा तास मला हातच लावू दिला नाही, नुसते नियम सांगितले. पिस्तूल रिकामं करायचं तर पहिल्यांदा मॅगझीन काढायचं, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी. मग स्लाइड मागे ओढायची, म्हणजे माझ्या डोक्यावरचा सरकता लोखंडी भाग. मग आत डोळ्यांनी बघायचं आणि डोळ्यांवरही विश्वास न ठेवता करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, तर डबीतली वरची गोळी नळीत चढून बसते आणि माणसाला वाटतं पिस्तूल रिकामं झालं. शेवटी ते म्हणाले, "अन् एक ध्यानात ठेवा भाऊ. लायसन ज्याचं, हात त्याचाच. दुसऱ्यानं नुसतं धरलं तरी त्याच्यावर केस लागते."

देवरावभाऊंनी मान डोलावली आणि मला उचललं. त्यांचा पंजा रुंद होता, ग्रीसचा वास येणारा. तीन बोटं माझ्या मुठीवर कशीबशी मावली आणि करंगळीला जागाच उरली नाही, ती खाली अधांतरी लोंबत राहिली. घोडा त्यांना फार जड वाटला. तो ओढता ओढता माझं तोंड खाली गेलं आणि पहिली गोळी निशाण्याच्या कागदाच्या हातभर अलीकडे मातीत घुसली. मैदानावरच्या सगळ्या साळुंक्या उडाल्या. मी स्वतः हादरलो. आपला आवाज इतका मोठा असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या गोळीला मनगट ढिलं पडलं, त्यामुळे रिकामं पितळी टरफल बाहेर पडण्याऐवजी माझ्या स्लाइडमध्ये उभंच अडकलं; उस्तादांनी ते झटकून काढलं. तिसऱ्या गोळीला त्यांनी हात फार वर धरला होता. स्लाइड झपकन मागे आली आणि त्यांच्या अंगठ्याजवळच्या मऊ चामडीला चावली. रक्ताचे दोन ओरखडे उमटले, अगदी समांतर, वहीत पट्टीनं ओढल्यासारखे.

देवरावभाऊंनी मला टेबलावर आपटलं. हलकं घेतलं की असंच होणार, दुकानदारानं खपत नसलेला माल गळ्यात मारला, असं बरंच काही बोलले. मला वाईट वाटलं. उस्तादांनी मला उचललं, मॅगझीन नव्यानं भरलं आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही गोळ्या एका वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या.

"पिस्तूल ठीक आहे देवरावभाऊ," ते म्हणाले. "मनगट तुमचं ढिलं आहे, अन् दोष त्याले देऊन राह्यले."

देवरावभाऊ हसले, पण ते हसणं ओठांवरचं होतं. बाहेर आल्यावर लालसूनं हाताला काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की पिस्तुलातच खोट आहे. लालसूनं हळद शोधली, मिळाली नाही म्हणून डब्यातल्या चटणीचं फडकं धुऊन त्यांच्या हाताला बांधलं.

घरी त्यांची बायको कांताबाई वाट बघत होती. देवरावभाऊंनी उस्तादांचा नियम तिला अगदी दरडावून सांगितला. धूळ झटकायलासुद्धा हात लावायचा नाही, केस लागते. कांताबाईनं तो नियम असा पाळला की बघत राहावं. कपाट पुसताना ती माझ्याभोवतीनं पुसायची.

आता कौतुकाचं सांगतो. दर खंडेनवमीला मिल धुवून काढायची, हलरला हार घालायचा, काटा, नट आवळायचे पाने, तेलाची बुधली, सगळं हलरसमोर पाटावर मांडायचं आणि पूजा करायची, अशी त्या घरची रीत. आणखी एक रीत होती, ती देवरावांच्या आईनं घालून दिलेली. पाटावर रिकामं काही मांडायचं नाही. पायली मांडायची ती धानानं भरून, बुधली मांडायची ती तेलानं भरून. रिकामं पुजलं तर वर्षभर रिकामंच राहतं, असं त्या म्हणत. मग पिस्तूल तरी रिकामं कसं मांडायचं? देवरावभाऊ मॅगझीन गोळ्यांनी भरून माझ्या मुठीत बसवत आणि मग मला झेंडूच्या फुलांत ठेवत. कांताबाई मला न शिवता वरूनच चिमटीनं हळदकुंकू सोडायची. गावकरी बघायला येत. कुणी म्हणे, वाघ आला तर आता भाऊ आहेत. खरं तर मला बघून वाघ जांभई देऊन निघून गेला असता. पण मला ते ऐकायला आवडायचं, हे तुमच्यापासून लपवत नाही. खालच्या फळीवर दिवस काढलेल्याला पाटावर बसायला मिळालं की तो थोडा बिघडतोच.

चौथ्या खंडेनवमीची सकाळ. पूजा झाली. पूजेसाठी सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. लालसू हलरसमोर वाकून नारळाचं पाणी पुसत होता. शेजारच्या गावचे एक पाहुणे आले होते, त्यांनी कौतुकानं विचारलं की हे भरलेलं आहे का. देवरावभाऊ म्हणाले, थांबा, रिकामं करून दाखवतो.

त्यांनी आधी स्लाइड ओढली.

मित्रांनो, माझ्या आत गोळी चढताना मला कळलं. मला तोंड आहे, पण ते एकाच प्रकारे बोलतं. मी ओरडून सांगू शकत नव्हतो. त्यांनी मग मॅगझीन काढलं, पाहुण्यांना दाखवलं, आत डोळा घातला नाही, करंगळी घातली नाही, आणि रिकामं आहे असं म्हणत घोडा ओढला. माझं तोंड नेहमीसारखं खाली गेलं. समोर लालसूचा अनवाणी पाय होता.

तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी पाय धरला. पाटावरच्या फुलांचा रंग आणि फरशीवरचा रंग काही वेळ वेगळा ओळखू येईना.

पुढची गडबड सांगत नाही. जीपमध्ये मागे लालसू आडवा, कांताबाई त्याचा पाय मांडीवर घेऊन, पातळाचा पदर गच्च दाबून बसलेली. देवरावभाऊ पुढे, चालवत होते. मी त्यांच्या कमरेला, शर्टाखाली. गाव मागे पडल्यावर ते आरशात बघून बोलले.

"लालसू, दवाखान्यात पोलीस येतील. तू सांगजो, पुसता पुसता तुह्याच हातून सुटलं म्हणून. नाई तं माह्यं लायसन जाईल, मिलचं नाव जाईल. बाकी सारं मी पाहून घेतो."

लालसूनं कोपरावर रेटा देऊन मान वर केली. मग त्यानं विचारलं, "मले काही होनार नाई ना, भाऊ?"

"तुले काय होते? मी आहो ना."

"हो भाऊ," लालसू म्हणाला.

मला उस्ताद आठवले. दुसऱ्यानं नुसतं धरलं तरी केस. ते वाक्य मैदानाच्या आत बोललं गेलं होतं आणि लालसू बाहेर कडुनिंबाखाली बसला होता. देवरावांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. ज्याच्या अंगावर ते पडणार होतं, त्याला तेवढं माहीत नव्हतं. माझ्यातून गोळी सुटली तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती.

दवाखान्यात लालसूची दोन बोटं काढावी लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं. थोड्या वेळानं दीपिका नावाच्या हवालदार आल्या. त्यांनी मला कागदावर ठेवून घेतलं, मॅगझीन वेगळं ठेवलं आणि वही उघडली. लालसूनं कॉटवरून, छताकडे बघत, शिकवल्याप्रमाणे सांगितलं. देवरावभाऊंनी मान हलवली. दीपिकाबाई लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांची नजर देवरावांच्या उजव्या हातावर थांबली.

"भाऊ, हाताला काय लागलं?"

देवरावभाऊंनी हात मागे घेतला. पण जखम ताजी होती. अंगठ्याजवळ दोन ओरखडे, समांतर, पट्टीनं ओढल्यासारखे. घाईत त्यांनी मला पुन्हा तसंच फार वर धरलं होतं आणि मी पुन्हा तिथेच चावलो होतो.

ते म्हणाले, जीपच्या दारात सापडला.

तेव्हा कांताबाई बोलली. तिच्या पदराला लालसूचं रक्त वाळत होतं. ती हवालदारांशी बोलली नाही, नवऱ्याशी बोलली.

"चार वर्सं मी हळदसुद्धा वरूनच टाकली. हात लावला तं केस लागते म्हणून तुमीच सांगतलं होतं. मंग लालसूच्या हातात पुसाले कोनं देल्लं?"

लालसूनं मान वळवली. छतावरची नजर काढून त्यानं देवरावांकडे पाहिलं. केस या शब्दानं त्याला सगळं कळलं होतं.  देवरावभाऊ त्या नजरेसमोर उभे राहू शकले नाहीत, ते भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि किती तरी वेळ स्वतःचा हात उलटसुलट करून बघत राहिले.

"खोडा ते," ते शेवटी हवालदारांना म्हणाले. "हात माह्याच होता."

दीपिकाबाईंनी आधीच्या ओळींवर रेघ मारली आणि नव्यानं लिहिलं.

तेव्हापासून मी इथे आहे. निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं जमा करून घेतात, तसा याआधीही दोनदा इथे राहून गेलो होतो, पण तेव्हा परत जायची तारीख असायची. आता देवरावांचा परवाना रद्द झाला आहे, खटला चालू आहे आणि मला परत कुणी मागितलेलं नाही. मला मागूही नये.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्याच्या वाट्याला कधी जाऊ नका. कुठे दिसलोच, तर हात लावू नका आणि मोठ्या माणसाला बोलवा. तो रिकामं आहे म्हणाला तरी दूरच राहा. तेल आणि फडकं म्हणजे माझी निगा नव्हे. माझी निगा म्हणजे उस्तादांचा तो क्रम, रोज, न कंटाळता, पूजेच्या दिवशीसुद्धा. आणि एवढं करून चूक झालीच, तर हात कुणाचा होता ते लगेच सांगा. देवरावभाऊंनी सांगितलं, हे खरं आहे. पण त्यांनी दीड तास उशीर केला.

परवा खटल्याच्या कागदांवर सह्या करायला ते दोघे ठाण्यात आले होते. मालखान्याचं दार उघडंच होतं. लालसू आता काठी घेऊन चालतो, हलरवर स्टुलावर बसून काम करतो. देवरावांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, पाणी आणून दिलं, सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. त्या बोटाजवळ दोन पांढरट रेघा दिसत होत्या. लालसूनं सही केली, काठी उचलली आणि दारातून बाहेर पडताना वळून म्हणाला, "चला, मालक."

चौदा वर्षं तो त्यांना भाऊ म्हणत होता.