विळीवाला कोण?

हा शब्द तुम्ही जन्माला घातलात. तो लोकांच्या तोंडी आपोआप आला असं आता म्हणू नका.

कुंभकोणात आपल्या दक्षिणी मराठी माणसांत भित्र्याला 'विळीवाला' म्हणतात. भांडणात अंग काढून घेतो तो विळीवाला, पोलीस दिसला की गल्ली बदलतो तो विळीवाला. शब्द कुठून आला हे कुणी विचारत नाही. मी सांगतो.

हत्यारांचा कायदा आला त्या साली तुम्ही मेलकावेरीत घरोघर फिरलात. तुम्ही आमचे पुढारी, कचेरीत तुम्हाला बसायला खुर्ची. "तलवारी माझ्याकडे द्या, सगळ्यांचे परवाने मी काढून देतो," म्हणालात. लोकांनी दिल्या. परवाना निघाला एकच, तुमचा. बाकीच्या तलवारी तुम्हीच गाडीत घालून कचेरीत टाकून आलात, तेही कुणी मागायच्या आधी.

मग दसरा आला. दसऱ्याला आपण दार उघडं ठेवून पाटावर तलवार मांडतो, येणारा-जाणारा तिला हात जोडतो. आता मांडायचं काय? तुमचा निरोप फिरला, "बोभाटा नको, सरकारला वाटेल आपण रुसलोय." आपल्या शूरांनी काय तोड काढली! अख्ख्या गल्लीला सुतक लागलं. सुतकात पूजा नाही. पूजा नाही म्हणजे तलवार कुठे गेली हा प्रश्नही नाही. तुकोजीचा तंजावरचा चुलता त्या दिवशी वारला आणि दिवाळीला फराळाला आला. चकल्या मागून घेतल्यान् मेल्यानं.

एकट्या हनुमंतरावांनी दार उघडलं. पाटावर स्वयंपाकघरातली विळी ठेवली, गंध-फूल वाहिलं. मी समोरच्या ओट्यावरून बघत होतो. सुतक असूनही तुकोजी डोकावायला आलाच.

"हे काय हो हनुमंतराव? भाजी चिरायचं हत्यार पुजता?"

"घरात धार उरलीय ती एवढीच. माझी तलवार कुठाय ते पुढाऱ्यांना विचारा की. का त्यांच्या दारात जायलाही सुतक आड येतं?"

"हळू बोला! पट्टेवाला ऐकेल."

"ऐकू दे. दार कशाला उघडं ठेवलंय मग?"

पट्टेवाला खरंच आला. तुकोजी परसदारानं पसार. पट्टेवाल्यानं विचारलं, हे काय मांडलंय? हनुमंतराव तसेच बसून म्हणाले, "इथे तलवार असायची. ती तुमच्या कचेरीत आहे. परत मिळेपर्यंत तिच्या जागी ही." पट्टेवाल्यानं विळीकडे पाहिलं, हनुमंतरावांकडे पाहिलं, आणि आल्या वाटेनं परत गेला.

संध्याकाळी सुतक लागलेले सगळे तुमच्या ओसरीवर जमले, तुमच्या परवान्याच्या तलवारीला हात जोडायला! पानाला चुना लावत तुम्ही म्हणालात, "आपल्यात एक विळीवाला निघाला हो." सगळे खदखदून हसले. हसले नसते तर एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

तलवार परत मिळाली नाही. हनुमंतराव गेले, शब्द मात्र मागे राहिला.

आता त्यांची मंगला लग्नाची झालीय. तिरुक्करुगावूरचे राजगोपालराव मुलासाठी तिला बघून गेले, पसंत केली. नंतर कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. ते चौकशीला तुमच्याकडे आले. तुम्ही काय सांगितलंत? "विळीवाल्यांचं घर म्हणतात खरं."

काल ते मंगलाच्या आईसमोर, भवानीवहिनींसमोर, अवघडून उभे होते.

"वहिनी, पोर गुणी आहे. पण आमचं शिलेदाराचं घराणं. भित्र्याची लेक सून म्हणून आणली असं लोक म्हणतील."

"त्या दसऱ्याला गल्लीत किती मढी उठली ते विचारलंत का कुणाला?" वहिनी म्हणाल्या. "एकही नाही. आणि सुतक घरोघर."

राजगोपालराव म्हणाले, "तुम्ही घरच्याच, तुमचं कोण मानणार? तुमच्या पुढाऱ्यांनी माझ्यासमोर हेच सांगितलं, तर उभ्या उभ्या सुपारी फोडतो."

तुम्हाला बोलावणं गेलं. तुमच्या घरून निरोप आला, तुम्हाला सुतक आहे.

कोण वारलं हो?

राजगोपालराव शुक्रवारपर्यंत महामखाच्या तळ्याजवळ छत्राच्या धर्मशाळेत उतरलेत. नंतर गाडी जुंपतील, आणि या पोरीचं लग्न तुमच्या एका विनोदापायी मोडेल. तिथे चालत या. तलवार आणू नका, तिचा तुम्हाला कधी उपयोग नव्हता. त्यांच्या तोंडावर सांगा: त्या दसऱ्याला भ्यालं कोण? हनुमंतराव, की तुम्ही?

उत्तर द्या.