खिळ्यांवरचे सात नान

मी पाचवा नान खिळ्यावरून काढून पोत्यात टाकला, तेव्हा शाळेचा स्वयंपाक करणारी आदोलत खोला, म्हणजे आदोलत मावशी, चुलीपाशी बसून कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"आईला विचारलंस का गं?"

"आल्यावर सांगेन."

"सांग. मला विचारलं तर मी कांदा चिरत होते."

आई शेजारच्या सरकारी शाळेत गेली होती, आग विझवायचं नळकांडं उसनं आणायला. दर तपासणीच्या दिवशी ते आईच्या या लहानशा शाळेत येई आणि संध्याकाळी परत जाई. अकरा वाजता आरोग्य खात्याचा निरीक्षक येणार होता. वसंतात तो येऊन गेला तेव्हा त्याने एकच अट लिहिली होती: स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे शिळे खाद्यपदार्थ हलवावेत, उंदीर होतात. पुढच्या खेपेला ते दिसले तर स्वयंपाकघराला सील. आणि चूल बंद झाली की शाळाही बंद, कारण आमच्याकडे येणाऱ्या एकोणीस जणांपैकी निम्म्यांना दिवसाचं एकच गरम जेवण मिळे, ते इथलं. हा कागद आईने सहा महिने उशीखाली ठेवला होता. मी खुजंदच्या नोकरीवरून सुट्टीला येई तेव्हा रात्री तो कागद उलगडल्याचा आवाज मला ऐकू येई. पण नान काही तिने हलवले नाहीत.

आमच्याकडे कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की ताज्या नानचा एक घास घेतं. उरलेला नान ते माणूस परत येऊन संपवेपर्यंत घरात टांगून ठेवायचा. मधेच तो काढणं म्हणजे त्या माणसाची वाट पाहणं सोडणं. शाळेतले सात नान रशियाला कामाला गेलेल्या आईबापांचे होते. त्यांच्या घरांना कुलपं लागलेली, मुलं कोणा काकाकडे, कोणा आत्याकडे. अशा उसन्या घरात नान टांगायला भिंत कोण देणार? म्हणून त्यांनी ते आईपाशी आणून दिले होते.

मला हे सगळं माहीत होतं. पण मला तो कागदही दिसत होता, आणि आईचे सुजलेले पाय. पोतं मी मागच्या खोपटात पऱ्हाट्यांच्या भाऱ्याआड ठेवलं. संध्याकाळी परत लावू, एवढाच माझा विचार होता.

नऊ वाजता मुलं यायला लागली. शाळा म्हणजे जर्दाळू सुकवण्याची जुनी वखार. थंडीत दारं बंद केली की अजून जर्दाळूंना दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास येई. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला गाद्या शिवायची खोली. लग्नात मुलीला द्यायच्या लांब गाद्या मोठी मुलं तिथे शिवत, त्यावर चूल चाले. सगळ्यांत मोठा सोबिर, अठ्ठावीस वर्षांचा. त्याचे टाके गावात कुठल्याही बाईपेक्षा सरळ. बोलणं मात्र थोडं, दोन-तीन शब्दांचं.

सोबिर सात वर्षांचा असताना सरकारी शाळेने त्याला 'शिकण्यास असमर्थ' म्हणून घरी पाठवलं होतं. त्या कागदावर तीन सह्या होत्या. एक गणिताच्या मुअल्लिमेची, शिक्षिकेची, म्हणजे आईची. तेरा वर्षांनी तिने नोकरी सोडून ही वखार भाड्याने घेतली आणि पहिल्या दिवशी स्वतः जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आली. याबद्दल ती माझ्याशी कधीच बोलली नाही. त्याची आई रोजिया सात वर्षांपूर्वी रशियात येकातेरिनबुर्गला भाजीच्या गोदामात कामाला गेली. दोन वर्षं फोन येत होते, मग थांबले.

सोबिर रोज आल्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन नान मोजे. आईने त्याला मोजायला त्यांच्यावरच शिकवलं होतं. आजही तो गेला. मी वर्गात बाकं पुसत होते. काही आवाज आला नाही म्हणून मी गेले, तर तो भिंतीसमोर उभा होता. धुराने काळवंडलेल्या चुन्यावर सात पांढरी वर्तुळं होती.

"सगळे मेले?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही रे, जपून ठेवलेत, एक साहेब येणारेत म्हणून. त्याने ऐकलं नाही. तो अंगणात जाऊन तुतीखाली जमिनीवर बसला. मग आतून आयशा आली, आमची आंधळी मुलगी. तिने हाताने भिंत चाचपली, खिळे मोजले आणि रडायला लागली. तिचे आईबाप दोघंही रशियातच होते. दहा मिनिटांत गाद्यांच्या खोलीतल्या सुया थांबल्या.

आई फाटकातून आत आली ती लाल नळकांडं कडेवर घेऊन. तिच्या मागोमाग निरीक्षक, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. फैजुल्लोएव, वय तिशीचं, पातळ बूट, बगलेत कातडी पिशवी. दोघांनी एकदमच अंगणातलं ते पाहिलं.

आईने नळकांडं खाली ठेवलं. मला विचारलं, "कुठे आहेत?"

मी पोतं आणलं. तिने त्यात हात घातला आणि तिचा चेहरा बदलला. रोजियाचा नान सात वर्षांचा, लाकडासारखा कडक. मी घाईत टाकला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले होते. तिने दोन्ही तुकडे अलगद बाहेर काढले. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने निरीक्षकाला बसायला गादी दिली, आदोलत खोलाला चहा ठेवायला सांगितला, आणि खुर्ची घेऊन वर्गाच्या भिंतीवर खिळे ठोकायला लागली.

फैजुल्लोएव हातात पियाला घेऊन दारात उभा राहिला. "मुअल्लिमा, मी गेल्यावर तरी लावा."

"तुम्ही आहात तोवरच लावते, उका. मागून लावले तर लबाडी होईल." धाकट्या भावाला म्हणावं तसं ती त्याला 'उका' म्हणाली.

"मला लिहावं लागेल."

"लिहा. स्वयंपाकघरात नको म्हणालात, मी वर्गात लावते. मोजणी मी यांच्यावरच शिकवते."

त्याने पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला, पण लेखणी उघडली नाही. मग सोबिरला बोलावून घेतलं. तो आला, कोणी ओढून आणल्यासारखा. निरीक्षकाने भिंतीकडे बोट करून विचारलं, किती आहेत?

भिंतीवर सहा होते. निरीक्षकाने पुन्हा विचारलं. सोबिरने पायाकडे पाहिलं. आईच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. तिला मधे बोलता आलं असतं, सांग बाळा म्हणता आलं असतं. त्याऐवजी गाद्यांची मोठी सुई आणि जाड दोरा घेऊन ती खुर्चीवर बसली आणि तुटलेला नान मांडीवर जोडायला लागली. सुई आत जाईना. मग तिने दोऱ्याने त्याला उभं-आडवं बांधलं, जुनी तसबीर बांधावी तसं. तिच्या बोटांखाली कडेचा चुरा पडला, तो तिने वेचून रुमालात घेतला. मग ती खुर्चीवर चढली. सोबिर आपणहून पुढे झाला आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली. तिने नान सातव्या खिळ्यावर टांगला.

"सात," सोबिर म्हणाला.

निरीक्षकाने चहा संपवला. कागद कोराच पिशवीत ठेवला. कळवू, म्हणाला. जाताना त्याने लाल नळकांड्याकडे वाकून पाहिलं आणि काहीतरी बोलायचं टाळलं.

पुढचे तीन आठवडे आई फाटकाच्या आवाजाला दचकायची. पत्र आलं तेव्हा मी खुजंदला परतले होते; आदोलत खोलाने त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि आईने ते माझ्याकडून फोनवर दोनदा वाचून घेतलं. परवानगी वसंताच्या शेवटापर्यंत. नान स्वयंपाकघराबाहेर असावेत. आणि शाळेने स्वतःच्या मालकीचं नळकांडं घ्यावं. सध्याच्या नळकांड्यावर दुसऱ्या शाळेचा क्रमांक रंगवलेला आहे. आई कितीतरी वेळ हसत होती. हसता हसता तिला धाप लागली, आणि ती धाप मग थांबली नाही.

फेब्रुवारीत तिला दुशान्बेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पहाटे गाडीत बसण्याआधी तिने ताज्या नानचा घास घेतला. मी तो घरातल्या खिळ्याकडे नेत होते, तर म्हणाली, "शाळेत लाव. सोबिरला आठ शिकायचे राहिलेत."

सोबिर दोन दिवसांत आठ शिकला. आई एकविसाव्या दिवशी गेली.

मी खुजंदची नोकरी सोडली. वसंताची तपासणी आता दहा दिवसांवर आहे, आणि पत्र कुठे ठेवावं हे कळत नसल्याने तेही उशीखालीच असतं. चाळिसावा दिवस झाला तेव्हा आदोलत खोला म्हणाली, आता तो उतरव, गेलेल्याचा नान ठेवू नये, भिजवून पाखरांना घालतात. मी हो म्हणत राहिले. रोज वर्गात जात होते आणि आठ नानांकडे पाहून परत येत होते. शेवटच्या नानवर तिच्या दातांची खूण होती, डावीकडे जरा तिरकी. तिथला दात पडलेला होता.

काल सकाळी मी गेले तर सोबिरने खुर्ची भिंतीशी लावून ठेवली होती. खाली पाण्याचं भांडं होतं.

"मुअल्लिमा मेली," त्याने मला सांगितलं, जणू मला कोणी सांगितलंच नव्हतं. "माझी आई येणारे."

त्याने खुर्ची धरली. मी चढले, नान काढला. त्याने तो माझ्या हातातून घेतला, तोडून पाण्यात सोडला. फक्त दातांची खूण असलेला तुकडा बाजूला काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली. मग तो भिंतीकडे वळला आणि बोटाने एकेक करत दोऱ्याने बांधलेल्या नानापर्यंत गेला.

"सात," तो म्हणाला, आणि भांडं उचलून अंगणात गेला.