घडीतला उलटा ठसा

सकाळी सात वाजून गेले आणि दक्षिण तैवानातल्या एका छोट्या गावात शाळेच्या फाटकापाशी रोजचा क्रम सुरू झाला. पिवळी जाकिटं घातलेल्या आया आणि आजोबा झेंडे आडवे धरून स्कूटरी अडवत होते, शिट्ट्या फुंकत पोरांना रस्ता ओलांडून देत होते. समोरच्या न्याहारीच्या दुकानात तव्यावर अंड्याच्या पोळ्या उलटल्या जात होत्या. पाचवीची मुलं मैदानाच्या कडेची बदामाची तांबडी पानं खराट्यानं गोळा करत होती, आणि त्यांतली दोघं नेहमीप्रमाणे एकमेकांच्या ढिगात पाय घालत होती. लाय बाईंनी स्कूटर शेडमध्ये लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन टेबलावर ठेवलेला गार दुधाच्या चहाचा पेला उचलला. न्याहारी मागवताना कुणीतरी एखादा पेला जास्त मागवतंच. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. नळी खुपसून त्यांनी अर्धा चहा संपवला, आणि मग पेल्यावर चिकटवलेला कागद त्यांच्या नजरेस पडला. 'आजींच्या वाढदिवसानिमित्त, कुओ कुटुंबाकडून.'

कुओ म्हणजे नगरसेवक कुओ. त्यांचा मुलगा पो-हान लाय बाईंच्या सहावीच्या वर्गात होता, आणि आज होणाऱ्या शाळेच्या बालनगराध्यक्षाच्या निवडणुकीत दोन नंबरचा उमेदवार होता.

"अहो, प्या की," शेजारच्या शू बाई नळीतून शेवटचा घोट ओढत म्हणाल्या. "चहा काय तुमच्याकडे मत मागतोय?"

"आज मतदान आहे, शू बाई."

"म्हणून तर आज वाढदिवस आहे!"

खोलीत हशा पिकला. लाय बाईंनी पेला खाली ठेवला. पण जिभेवर बसलेला गोड, चिकट थर काही खाली ठेवता येण्यासारखा नव्हता.

वर्गात पाऊल टाकताच तळलेल्या कोंबडीचा वास आला. प्रत्येक बाकावर, तसाच वाढदिवसाचा कागद चिकटवलेल्या पिशवीत, एकेक तुकडा होता.

"पिशव्या बंद करा," बाई म्हणाल्या.

"बाई, खायचं, आणि मत आपल्याला पाहिजे त्याला द्यायचं," आ-वेई तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "माझी आजी तसंच करते. ती तर दोन्हीकडचं खाते!"

सगळा वर्ग हसला. पो-हान मात्र खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्या पिशवीला त्यानं हात लावला नव्हता.

तीन आठवडे लाय बाईंनी जीव ओतून मतदान शिकवलं होतं. त्या छोट्या गावात निवडणुका सगळ्यांनाच पाठ होत्या; फटाके, भोंगे, झेंडे लावलेल्या गाड्या. शिकवायचं होतं ते याच्या पलीकडचं. म्हणून त्यांनी निवडणूक कार्यालयातून खऱ्या पेट्या आणल्या, पडदे आणले, आणि खरा शिक्का आणला. त्या शिक्क्यात एका गोलात उभी रेघ, आणि तिच्या उजव्या अंगाला एक छोटी तिरकी रेघ. प्रत्येक मुलाकडून त्यांनी एका उमेदवाराच्या चौकोनात शाईचा ओला ठसा उमटवून घेतला होता, कागदाची मधोमध घडी घालायला लावली होती, आणि पुन्हा उघडायला. समोरच्या, दुसऱ्या उमेदवाराच्या चौकोनात पुसटसा दुसरा ठसा उमटलेला असे, आरशातल्यासारखा उलटा.

"तिरकी रेघ उजवीकडे असली तर ते मत," त्यांनी सांगितलं होतं. "डावीकडे असली तर ती नुसती घडीची सावली."

"पण असं कशाला, बाई?" त्याच वर्गातल्या, एक नंबरची उमेदवार असलेल्या जो-यूननं विचारलं होतं.

"कुणी घाईत कागद दुमडला म्हणून त्याचं मत वाया जाऊ नये, म्हणून."

जो-यूनच्या आश्वासनांत दोनच गोष्टी होत्या: मुलींच्या संडासाच्या दारांना कड्या आणि हात धुवायला साबण. भिंतपत्रकावरचा 'संडास' हा शब्द मुख्याध्यापक वेन यांनी खोडून 'स्वच्छता' असा केला होता, कारण बाहेरची माणसं भिंती वाचतात. पो-हानचं भिंतपत्रक वडिलांच्या कार्यालयात छापलेलं होतं. त्यात सहल होती, घसरगुंडी होती आणि त्याचा हसरा फोटो होता.

मतदान वाचनालयात शिस्तीत पार पडलं. तिसरीतली मुलंसुद्धा पडद्याआड जाताना गंभीर होत होती, आणि लाय बाईंचं मन थोडं निवळलं. मोजणी सभागृहात, सगळ्यांसमोर व्हायची होती: एकानं कागद उंच धरून दोन्ही बाजूंना दाखवायचा, नंबर पुकारायचा, दुसऱ्यानं फळ्यावर रेघ ओढायची. पण दुपारच्या जेवणानंतर मुख्याध्यापकांनी त्यांना दारातच गाठलं.

"नगरसेवक सभागृहाचं छत बघायला येताहेत. मोजणी माझ्या खोलीत उरकून घेतो. तुम्ही वर्गावर जा."

तासाभरानं भोंग्यावरून निकाल आला. पो-हान नऊ मतांनी विजयी. बाद मतं एकतीस.

जो-यून रडली नाही. ती बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, एकतीस कशी बाद होतील? तुम्ही तर सगळ्यांना शिकवलं होतं."

"बघून येते," लाय बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक वेन बूट काढून खुर्चीत बसले होते. एका हातात कोंबडीचा तुकडा होता, दुसऱ्या हाताने ते मतपत्रिकांचे गठ्ठे सारखे करत होते. वरच्या कागदांवर तेलाची बोटं उमटली होती.

"बाद का केली, सर?"

"दोन-दोन ठसे आहेत. दोघांनाही मत दिलंय पोरांनी."

बाईंनी गठ्ठ्यातला एक कागद उचलला. एक नंबरच्या चौकोनात ठळक ठसा, रेघ उजवीकडे. दोन नंबरच्या चौकोनात पुसट ठसा, रेघ डावीकडे. दुसरा कागद तसाच, तिसरा तसाच. मग त्यांनी पो-हानचा गठ्ठा ओढून घेतला. त्यातही तेच होतं, फक्त सावली एक नंबरवर पडली होती. आणि ती मतं मोजली गेली होती.

"सर, ही घडीची सावली आहे. रेघ उलटी आहे, बघा."

"माहीत आहे मला," वेन म्हणाले, आणि हाड कागदावर ठेवून बोटं पुसली. "लाय बाई, मी काय काल जन्मलो? पंचवीस वर्षं मतदान केंद्रावर बसलोय. तुमच्याआधी मीच शिकवत होतो हे."

बाईंनी हातातला कागद गठ्ठ्यावर ठेवला. त्यांना न समजलेला माणूस अपेक्षित होता. त्याला समजावता आलं असतं.

"पोरांचा खेळ आहे हा," वेन समजुतीच्या स्वरात म्हणाले. "छत मात्र खरं आहे. पावसात गळतं. कुओंच्या हातात त्याचा निधी आहे, आणि त्यांच्या आईला फार हौस आहे, नातवानं निवडून यावं म्हणून. कुणाचं काय बिघडलं? त्या मुलीला उपाध्यक्ष करू."

"आणि कड्या?"

"कसल्या कड्या?"

लाय बाईंच्या जिभेवर सकाळचा गोडवा पुन्हा आला. त्यांना तेलाच्या बोटांची किळस आली, भिंतीवर रंगवलेल्या 'सचोटी' या शाळेच्या ब्रीदाची आली, आणि सर्वांत जास्त त्या अर्ध्या पेल्याची, जो त्यांनी स्वतः रिकामा केला होता.

"निकालावर सही करून टाका," वेन म्हणाले. "जूनमध्ये तुमच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं बघायचंच आहे. आणि हे कागद सफाईच्या तासाला रद्दीत घाला."

"रद्दीत," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळे गठ्ठे एका पिशवीत भरले. सही न करता निकालपत्र टेबलावर तसंच सोडून त्या बाहेर पडल्या.

भोंग्यावर सफाईच्या तासाची धून लागली. त्या महिन्यात रद्दीच्या शेडचं काम सहावीकडेच होतं. मुलं बाटल्या वेगळ्या करत होती, पुठ्ठे बांधत होती. पो-हान सकाळचे पेले धुऊन एकात एक बसवत होता. पेले संपतच नव्हते. शेडच्या भिंतीवर रद्दीचं वजन लिहायचा फळा होता. लाय बाईंनी तो पुसला, वर एक आणि दोन असे आकडे लिहिले, आणि पिशवी टेबलावर रिकामी केली.

हळूहळू खराटे थांबले. मैदानावरची पाचवीची मुलंही जवळ आली.

"बाई, हे तर मोजून झालंय ना?" आ-वेईनं विचारलं.

"आपण पाहिलेलं नाही. तू पुकार. हात धुऊन ये आधी."

"साबण नाहीये, बाई!" कुणीतरी ओरडलं, आणि पोरं हसली. जो-यूनही हसली.

पो-हान हातातले पेले ठेवून पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. "बाई, मी जाऊ?"

"उमेदवारानं मोजणी बघायची असते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा हक्क आहे तो. इथं उभा राहा, जो-यूनशेजारी."

तो उभा राहिला.

आ-वेईनं पहिला कागद उघडला आणि उंच धरला. एका बाजूला दाखवला, मग दुसऱ्या बाजूला. कडेला तेलाचा डाग होता. कागदावर दोन ठसे होते. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला.

"रेघ उजवीकडे," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि मग घसा साफ करून त्याने पुकारलं, "एक नंबर, एक मत!"

वरच्या मजल्यावरची, मुख्याध्यापकांच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. लाय बाईंनी मान वर केली नाही. त्यांनी फळ्यावर पहिली रेघ ओढली आणि पुढच्या कागदासाठी खडू तयार धरला.