सातव्या लेकीचा गुणाकार

भिंगारच्या बाजारात त्या दिवशी भाजी तशीच सुकत पडली आणि आम्ही सगळे लोटलो अंकनाथ महाराजांपुढं. साल सेहेचाळीस. महाराजांच्या मांडीवर तांब्याचा पत्रा, पत्र्यावर आकडा: १४२८५७.

"हिमालयात तप केलं तेव्हा हा पावला. हा आकडा मरत नाही! गुणा दोनानं!"

किराणावाल्या रंगनाथनं गुणलं. २८५७१४.

"बघा! तेच सहा जण, फक्त आसनं बदलली. आता तीनानं!"

४२८५७१. चार, पाच, सहा, कशानंही गुणा, तेच सहा आकडे त्याच रांगेनं फिरून येत. बायांनी पत्र्याला हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. आकडा काही खात नसे, म्हणून बिचाऱ्या महाराजांनाच खावं लागे.

तेवढ्यात लंकाबाई पुढं सरकली. "महाराज, माझ्या भीमाची सोयरीक जमलीय. रंगुबाईची विजयमाला. बघा की जरा."

"पोरगी कितवं लेकरू?"

"सातवं."

रंगनाथनं सातानं गुणलं आणि त्याचा हात थांबला. ९९९९९९.

महाराजांनी डोळे मिटले. "सहाच्या सहा गेले! नवग्रह कोपले. ही उंबरा ओलांडील तिथं वंश बुडेल. पोरीच्या बापानं दुभती म्हैस दान करावी, मग बघू."

रंगुबाईच्या दारात म्हैस एकच. लंकाबाई तोंड फिरवून म्हणाली, "न्हाई बाई, आमी सोयरीक मोडली."

विजयमाला रडली नाही. तिनं शाळेतून नूरमहंमद मास्तरांना बोलावून आणलं. "मास्तर, माझा गुन्हा तेवढा पाटीवर दाखवा."

मास्तरांनी पाटीवर दहा लाख लिहिले आणि सातानं भागले. उत्तर १४२८५७, बाकी एक.

"महाराज, हिमालयात कशाला गेलात? घरी बसून मिळाला असता!"

महाराज गरजले, "तुला मुसलमानाला काय कळणार यातलं?"

"भागाकार माझ्या घरचा नाही महाराज, शाळेचा आहे. सातानं भागताना बाकी उरते एक ते सहा. सहा बाक्या, सहा आकडे, मग पहिली बाकी परत. बांगडीच ती! दोनानं गुणलं म्हणजे एकाऐवजी दोन भागायला घेतले, बांगडी दुसरीकडून सुरू होते. आणि सातानं गुणलं की सातवा वाटा पुन्हा पुरा होतो, फक्त बाकीचा एक उणा. दहा लाखाला एक कमी, म्हणजे सहा नऊ. कोपलं कोणीच नाही."

पावकी, निमकी, दिडकी आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. सातव्या हिश्शाचा पाढा मात्र कोणी केलाच नव्हता. महाराज नेमके त्या भोकातून बाजारात शिरले होते.

विजयमालानं विचारलं, "लंकाकाकू, तुमचा भीमा कितवा?"

"आठवा."

मास्तरांनी आठानं गुणलं: ११४२८५६. सहाचे सात झाले, रांगही मोडली. सगळे महाराजांकडं बघू लागले. महाराज पत्रा काखेत मारून निघालेही होते.

लंकाबाई पुटपुटली, "मग हळद कदी लावायची?"

"भीमाला आधी हा भागाकार करू द्या," विजयमाला म्हणाली. "आला, तर बघू."

भीमाला तो आला, पण तिसऱ्या बाजाराला. तोवर हळद थांबली.

बाबांनो, आकड्याला तोंड नसतं. त्याच्या नावानं कोण बोलतोय आणि कोणाची म्हैस मागतोय ते बघा. हात जोडायच्या आधी पाटी घ्या. मी स्वतः केस पिकल्यावर घेतली. तुम्हाला उशीर झालेला नाही.