दोन हॉर्न

“चला साहेब, उशीर होतोय,” ड्रायव्हरकाकांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

साहेब म्हणजे चिंगी. पहिलीतली, पुढचे दोन दात गायब, आणि दोन्ही हात घराच्या दाराच्या कडीला घट्ट.

“मी नाही येणार. मी गेले आणि आईला काही झालं तर?”

“अगं जा ना बाई, मी काय पळून जातेय?” खिडकीजवळच्या खाटेवरून आई म्हणाली, आणि नेमकी खोकली. झालं! कडी आणखीच घट्ट. बाबा पहाटेच कामावर गेलेले.

ही गाडी खरं तर शिक्षण खात्याच्या मोठ्या मॅडमची. आमच्याकडची बस बंद झाली, तशी पोरं शाळेला दांड्या मारू लागली. त्यात दांडीबहाद्दर नंबर एक मी! मग मॅडमनी हुकूम काढला, खात्याच्या गाड्या सकाळी मुलांना आणतील. पहिली गाडी दिली स्वतःची, आणि स्वतः ऑफिसला चालत.

ऑफिसातले लोक काकांना चिडवायचे, “बढती झाली की हो तुमची!”

“झालीच. आधी एकच साहेब होता, आता गाडीभर आहेत.”

काका प्रत्येकासाठी उतरून दार उघडतात. पहिल्यांदा मी लाजून अर्धी झाले होते. आता मान ताठ करून चढते!

त्या दिवशी काका चिंगीपुढे उकिडवे बसले. “मी दुपारी मॅडमना घेऊन इथूनच जातो. खिडकीत आई दिसली की शाळेपाशी दोन हॉर्न. म्हणजे आई ठीक.”

“आणि नाही दिसली तर?”

काकांनी टोपी काढली, परत घातली. “तर मी स्वतः येईन तुला न्यायला. खोटा हॉर्न वाजवणार नाही.”

चिंगीने कडी सोडली.

मग रोज दुपारी पीं पीं! अख्खी शाळा ऐकायची. हेडसर तणतणत फाटकाशी गेले, तर मॅडमनी काच खाली केली. “वाजवू द्या, सर. दोन हॉर्नमध्ये एक मूल शाळेत टिकतंय. स्वस्तात पडलं.”

थंडीभर चिंगीची शाळा बुडाली नाही.

मग एका दुपारी हॉर्न वाजलाच नाही. गाडी गुपचूप आली. काका टोपी हातात घेऊन पहिलीच्या वर्गाच्या दाराशी उभे राहिले. चिंगीने पाटी भरली, डबा भरला. दप्तर मी माझ्या वर्गातून धावत येऊन घेतलं. बाहेर मॅडम गाडीतून उतरून, दार धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून चिंगी शाळेला आली नाही.

काका मात्र रोज तिच्या घरापाशी गाडी थांबवायचे. उतरायचे, दार उघडून जरा वेळ उभे राहायचे, परत लावायचे.

आणि आज ती दारात होती. गणवेशात, वेणी वाकडी. मागे खिडकीजवळ आईची खाट नव्हती.

“चला साहेब,” काका म्हणाले आणि दार उघडून धरलं.

चिंगीने मागे वळून, टाचा उंचावून बाहेरून कडी लावली. एकदा ओढून पाहिली, आणि गाडीत चढली.