सलाईन नव्हतं हो ते!

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. रुग्णालयात खाटेच्या डोक्याशी उभा असतो ना, तोच. वर दोन आकडे, खाली चार चाकं, त्यातलं एक कधीचं अडलेलं. मला सगळे 'सलाईनचा स्टँड' म्हणतात आणि तिथूनच माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या एका शब्दापायी मी जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या आणि वरून पांढरा रंग मारला. वेल्डिंगवाल्याने मला गदागदा हलवून बघितलं आणि म्हणाला, "हत्ती टांगला तरी पडायचा नाही हा!" नवा होतो तेव्हा सिस्टर मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. तो चांगला स्टँड मलाच हवा, म्हणून आपसात भांडायच्या. आता माझ्यावर काय काय टांगतात ते विचारूच नका. ओले टॉवेल, जेवणाच्या पिशव्या, कुणाचं हेल्मेट. एका महाभागाने तर चक्क चपलांची पिशवी अडकवली होती! रंग उडाला, गंज चढला, कुणी ढुंकून बघितलं नाही. तेही मी सोसलं.

पण तो शब्द सोसवत नाही. अहो, सलाईन म्हणजे निव्वळ मिठाचं पाणी. माझ्या आकड्याला मिठाचं पाणी लटकतं, साखरेचं पाणी लटकतं, आणि कधीकधी असं जहाल औषध लटकतं की नीट दिलं तर माणूस उठून बसतो आणि चुकलं तर आडवा होतो. लोकांच्या लेखी सगळंच सलाईन! 'एक सलाईन चढवा हो डॉक्टर, जरा ताकद येईल.' ताकद म्हणे! मिठाच्या पाण्याने ताकद येत असती तर समुद्रातले मासे पहिलवान झाले असते.

असो. एकदा माझ्या खाटेवर एक बसड्रायव्हर आले. आडदांड माणूस, आवाज भोंग्यासारखा. अंगात साखर वाढलेली, ती त्यांनी अंगावर काढलेली, आणि त्यातच नाकात बुरशी शिरलेली. हो, बुरशीच. ओल्या भिंतीवर धरते तिच्याच गोतावळ्यातली. ती गालाच्या हाडातून डाव्या डोळ्याकडे सरकत होती. ऑपरेशन करून नाकातला सडलेला भाग काढला होता. मागे उरलेल्या बुरशीसाठी शिरेतून द्यायचं औषध सुरू झालं. डोळा राहिला तर बसचं स्टिअरिंग हातात राहणार, नाहीतर कायमचं सुटणार. त्यांची बायको, आपण काकू म्हणू, रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांच्यासमोर बोटं धरायच्या.

"बोटं किती?"

"दोन. आणि मागे एक रागावलेलं तोंड."

मग दोघं हसायचे. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला असायचा. टांगायचंच काम माझं, तरीसुद्धा.

ते पिवळसर औषध मोठं मानी. त्याला साखरेचं पाणीच लागतं, मग रुग्णाची साखर इन्सुलिनने वेगळी आवरावी लागली तरी चालेल. मिठाच्या पाण्यात घातलं की नासक्या दुधासारखं फाटतं. त्याला उजेड लागू नये म्हणून बाटलीवर काळी पिशवी चढवतात. आणि ते थेंबाथेंबानेच गेलं पाहिजे, तासन् तास. घाई केली की हृदयाची लय बिघडते. शिवाय मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातले क्षार घसरतात, म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं. मूत्रपिंडांना सांभाळायला आधी मिठाच्या पाण्याची एक बाटली देत. ते खरंखुरं सलाईन. सिस्टर नळीवरचं छोटं चाक मोकळं सोडून ती बाटली भराभर संपवायच्या. मग नळी साखरेच्या पाण्याने धुवायची आणि दुसऱ्या आकड्याला काळ्या पिशवीतलं औषध. एवढा सगळा शिस्तीचा कारभार! आणि डॉक्टर राउंडला येऊन काय म्हणायचे? "पहिलं सलाईन झालं? मग दुसरं सलाईन लावा." घ्या! शब्दाने शब्द वाढवायचा नाही म्हणून कुणी त्यांना टोकतही नव्हतं. घरच्यांनी विचारलं तरी तेच उत्तर, "सलाईन चालू आहे, काळजी करू नका."

एक दिवस दुपारी काकू आंघोळीला घरी गेल्या आणि जागेवर सकाळीच आलेल्या आपल्या धाकट्या भावाला बसवून गेल्या. थेंबांचा वेग सांभाळणारं यंत्र त्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या रुग्णाला दिलेलं होतं. इथे नुसतं नळीवरचं चाक. भाऊ मनाने चांगला, पण हाताला स्वस्थता म्हणून नाही. खिडकी उघड, पंखा वाढव, खाट वरखाली कर. होता होता त्याची नजर माझ्याकडे गेली.

"भाऊजी, हे दुसरं सलाईन फारच रेंगाळतंय. सकाळचं कसं झरझर गेलं!"

"राहू दे रे. सिस्टरने लावलंय ते."

"अहो, एवढंसं चाक तर आहे. लवकर चढलं तर लवकर ताकद येईल. तुम्ही पडा निवांत."

आणि त्याने चाक फिरवलं! माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच नळीवरचं! अरे बाबा, थांब, थांब! पण लोखंडाचं कोण ऐकतंय? थेंब तुटायचे थांबले आणि धारच लागली. तो आपल्या जागी बसून खुशाल मोबाईल बघत राहिला.

थोड्याच वेळात ड्रायव्हरकाकांना हुडहुडी भरली. दातांवर दात वाजायला लागले. "अरे, छातीत काहीतरी उलटंपालटं होतंय," एवढंच ते बोलले आणि तो भोंग्यासारखा आवाज विरून गेला. भाऊ पांढराफटक पडला, धावत सुटला. सिस्टरनी आल्या आल्या आधी नळी बंद केली, मग डॉक्टरांना हाक मारली. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. रक्तातले क्षार पार घसरले होते. सगळ्यांनी मिळून शर्थ केली तेव्हा कुठे काका वाचले.

आणि मग सुरू झालं भांडण.

"हात लावलातच कशाला तुम्ही?" सिस्टर कडाडल्या. "मारायचं होतं का त्यांना?"

भाऊही उसळला. "तुम्हीच सलाईन म्हणालात ना? सकाळी तुम्हीच चाक सोडलंत ना? मग सलाईनने माणूस मरतो हे मला कुठून कळणार?"

डॉक्टर फाईल चाळायला लागले. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगाऊ माणसाचा राग आलाच, पण तो खोटं बोलत होता का? एवढं जहाल औषध आणि त्याचं नाव सांगायला कुणाची जीभ वळली नव्हती! 'चाकाला हात लावू नका' एवढे चार शब्द बोलायला कुणाला सवड झाली नव्हती!

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पदर खोचला.

"नको मला ते औषध. चालता-बोलता माणूस आणला होता मी. चला, आम्ही घरी जातो."

"घरी नेलंत तर डोळा जाईल," डॉक्टर म्हणाले.

"आणि इथे ठेवलं तर जीव जाईल!"

आता तरी डॉक्टरांनी खाली बसून सांगायचं की नाही, की बाई, औषधाने नाही, त्याच्या वेगाने घात केला? हळू दिलं, रक्तावर नजर ठेवली, तर हेच औषध तारेल? पण ते दमलेले होते, बाहेर आणखी रुग्ण ताटकळत होते. "तुमची मर्जी," म्हणाले आणि निघून गेले. स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतोय, अशा कागदावर काकूंनी सही केली. सिस्टरनी माझ्या आकड्यावरची बाटली काढली. काका जाताना माझ्या दांड्याला धरून उठले, तो हात चांगलाच जड होता.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. डावा डोळा सुजून मिटलेला, कडा काळ्या पडलेल्या. काकूंनी बोटं दाखवली नाहीत. बुरशी मेंदूत जाऊ नये म्हणून डोळा काढावा लागला.

ऑपरेशननंतर औषध पुन्हा सुरू करायचं होतं. या वेळी त्याच सिस्टर स्टूल ओढून काकूंसमोर बसल्या. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. साखरेचं पाणी का, काळी पिशवी का, इतकं हळू का, रक्त सारखं का काढायचं, सगळं साध्या बोलीत सांगितलं. थंडी वाजली, छातीत धडधडलं, लघवी कमी झाली, तर तिथल्या तिथे हाक मारायची, हेही सांगितलं. भाऊही मागे उभा राहून ऐकत होता, हात पाठीशी बांधून.

काकूंनी एकेक गोष्ट बोटांवर मोजली. मग म्हणाल्या, "एवढंच होतं? हे त्या दिवशी सांगायला काय जात होतं हो तुमचं?"

"काही जात नव्हतं, काकू," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मित्रांनो, काका वाचले. ते औषध थेंबाथेंबाने पुरतं गेलं, रक्त वेळच्या वेळी तपासलं, मूत्रपिंडं शाबूत राहिली. म्हणजे औषध चांगलंच होतं, पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. पण बस आता दुसरंच कुणीतरी चालवतं. काका तपासणीला आले तेव्हा कळलं, डेपोने त्यांना आत बसून चाव्या वाटायचं काम दिलंय. आयुष्यभर रस्त्यावर असलेला माणूस, एका खोलीत बसून दुसऱ्यांच्या हातात चाव्या ठेवतो. विचार आला तरी मला गंजाच्या आतून कढ येतात.

म्हणून सांगतो. तुमच्या घरचं कुणी खाटेवर असेल आणि शेजारी माझ्यासारखा एखादा स्टँड उभा असेल, तर त्याच्यावर टॉवेल नका टांगू, आणि नळीवरच्या चाकाला हात तर मुळीच नका लावू. आधी विचारा, की बाटलीत काय आहे, कशासाठी आहे, किती हळू जायचंय. 'सलाईन आहे' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. कुणी वैतागलं तर वैतागू दे. त्या दुपारी मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.