वरचं मीठ, खालचं मीठ

पाणी २९.१ अंश

काचेची टाकी अर्धी.

कामरगावात, स्टँडमागच्या घरात, दीडशे लिटरचा समुद्र होता. आता सत्तर लिटर. बाकीचा फरशीवर. पल्लवी सकाळच्या शाळेत शिकवत असताना पंपाची नळी निसटली, आणि पंप पाणी बाहेर फेकत राहिला. त्याचं तोंड उघडं पडलं तेव्हा थांबला.

दोन जोकर मासे वर आलेले. तोंडं पाण्याच्या काठाला. श्वास भरभर.

प्रवाळ हवेत.

नाही, आता हवेत नाही. दप्तर न काढताच पल्लवीने ते दगडासकट उचलून तळाला ठेवलं. दोन तोंडांचं आणलं होतं, दोन वर्षांत अकरा झाली. अकराही मिटलेली.

"बापरे," नवरा दारातच थांबला. प्रसेनजित. कृषी केंद्र अर्धं शटर ओढून आला होता.

"बापरे नंतर करा. तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी वर उचला आन् वरून सोडा. हवा मिसळली पाह्यजे. हात थांबवू नका."

"नवं पाणी नाही का?"

"आरओचं ड्रमभर आहे. जुनं मीठ पुरत नाही."

"मी आणलं न पोतं!"

पल्लवीने त्याच्याकडे पाहिलं.

२९.६

जुनं मीठ: आठशे ग्रॅम. त्यात तेवीस लिटरच खारं पाणी बनतं. पंप हवा न ओढता चालायला त्याच्या तोंडावर बरंच पाणी हवं, पंचेचाळीस लिटर.

नवं मीठ: पाच किलो, सीलबंद. मागच्या आठवड्यात अमरावतीहून काळीपिवळी जीपमधून आलेलं. पोत्यावर ठळक

१२

आणि टाकी दोन वर्षं आठावर जगलेली. हा आकडा एका क्षाराचा. त्यातून प्रवाळ आपलं हाड बांधतं. कमी पडला तर वाढ थांबते. एकदम वाढला तर टोकं जळतात आणि मांस हाडावरून सुटतं.

"मी आठवालं सांगतलं होतं तुमाले."

"दुकानदार म्हने, हे जास्त ताकदीचं."

"कापसाले टाकाचं होतं का?"

तांब्या वर. पाणी खाली. तांब्या वर.

पल्लवीने पोतं फोडलं. चमचाभर मीठ, मोजून पाणी, बाटलीत खळाखळा हलवलं. परीक्षानळीत ओतलं, रंग टाकला. पाणी निळं झालं. आता थेंब. जितक्या थेंबांना पिवळं होईल तितका आकडा.

एक. दोन. तीन. चार.
पाच. सहा. सात. निळंच.
आठ.

पिवळं.

"आठ?"

"आठ!" प्रसेनजित हसला. "पाह्य! उगाच माह्यावर चिडली. टाक आता, तो मोठा मासा तिरपा होऊन राह्यला."

मासा खरंच तिरपा होत होता. पल्लवीने वजनकाटा ओढला. पातेलं ठेवलं. पोत्यात हात घातला.

"कुठून काढलं ते?"

सासूबाई. भागिरथाबाई इतका वेळ फरशीवरचं पाणी जुन्या लुगड्याने टिपत होत्या.

"वरून, आई."

"खालचं पाह्यलं?"

"मीठच आहे न आई," प्रसेनजित म्हणाला.

"तू खताच्या दुकानात बसतं न बे? जीपमधी हादरे खात आलं ते. भुकटी खाली बसते, दाने वर राह्यतात."

पल्लवीचा हात पोत्यात तळापर्यंत गेला.

२९.९

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.
आठ. निळं.
नऊ. निळं.
दहा.
अकरा.
बारा. निळं.
तेरा.

चौदा. पिवळं.

तांब्याचा आवाज थांबला.

"हात," पल्लवी म्हणाली.

तांब्या वर.

"मंग वरचंच घे न," प्रसेनजित म्हणाला. "वरचं तर बरोबर आठ आहे. सोपं काम."

सोपं होतं. पाच मिनिटांत बादली तयार. पण आठ म्हणजे एका क्षाराचे आठ. प्रवाळाला लागणारं बाकीचं त्या वरच्या थरात किती, कमी की दुप्पट, हे सांगणारे थेंब घरात नव्हते. चालवून घ्यायचं नसेल

मासा पुन्हा तिरपा झाला.

तर सगळं ढवळायला दहा मिनिटं. मासे दहा मिनिटं काढतील का?

"पल्लवी! बोल काहीतरी!"

"जोरात सोडा पाणी. अजून वरून. आई, ताडपत्री."

पंखा बंद केला, भुकटी उडू नये म्हणून. धुतलेल्या ताडपत्रीवर पाच किलो मीठ. भागिरथाबाई उकिडव्या बसल्या. ढीग केला, फोडला, पसरला, पुन्हा ढीग. पल्लवी समोरून.

"झालं का?" प्रसेनजितच्या कोपरावरून पाणी गळत होतं.

"नाही झालं," भागिरथाबाई म्हणाल्या. "पेरताना खत असं अर्धवट कालवलं तं अर्धं वावर जळते, अर्धं उपाशी."

पुन्हा ढीग.

३०.२

कालवलेलं मीठ: अकरा थेंब.

म्हणजे निम्मं जुनं आठाचं, निम्मं नवं अकराचं. आठशे ग्रॅम, आठशे ग्रॅम. तीन बादल्या, प्लास्टिकच्या दांड्याने गरागरा. बादलीतलं पाणी आधी दुधी, मग राखाडी, मग स्वच्छ. तीन बादल्यांचं मिळून साडेनऊच्या आसपास. टाकीत उतरल्यावर नऊच्या आत.

तिने बारीक नळी लावली. सुतासारखी धार.

"येवढी? मासे मरतीन!"

"एकदम ओतलं तं हे प्रवाळ मरन."

"दोघांतून एक ठरव!"

तिने ठरवलं नाही. नळी काढून जाड लावली आणि बोटांनी चिमटीत धरली. चिमूट सैल. घट्ट. सैल. डोळे माशावर, माशावरून प्रवाळावर. एक बादली. दुसरी. बोटं बधिर. तिसरी संपली तेव्हा पाणी पंपाच्या तोंडावर पुरेसं चढलं.

तिने बटण दाबलं.

पंप खोकला. पुन्हा खोकला. मग त्याने पाणी धरलं.

प्रसेनजितचा हात अजून दोनदा वर गेला, रिकामा तांब्या घेऊन. मोठा मासा सरळ झाला आणि खाली उतरला. धाकटा त्याच्यामागे.

२९.८

टाकीतलं पाणी: नवव्या थेंबाला पिवळं.

संध्याकाळचे पाच. वर चार बोटं काच कोरडी होती.

"भरून टाकू का?" प्रसेनजितने विचारलं. "रिकामं दिसून राह्यलं."

"आज थेंबभर नाही."

तो खांदा चोळत राहिला.

एका तोंडाचं मांस कडेने सुटलं होतं, खाली पांढरं हाड. ते गेलं. शेजारची दोन गच्च मिटलेली. बाकीच्यांची बोंडं हळूहळू बाहेर येत होती. भागिरथाबाई काचेशी वाकून बोटाने मोजत होत्या.

"सात उघडले वं."

"आठ, आई. मागचं बारकं पाह्यलं नाही तुमी."